खाकी कोटावरचे बोंबील

आमच्या किनाऱ्यावर एकेकाळी आमची स्वतःची फौज होती, असं मी म्हटलं की सोसायटीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसतात. हसा बायांनो, मीही हसतेच. पण फौज होती, तिला कप्तान होता आणि तिच्याजवळ तोफसुद्धा होती. आता ती तोफ ताडाच्या ओंडक्याची होती, हे मी जरा उशिरा सांगते, एवढंच.

परवा संध्याकाळी खाली बाकड्यावर गप्पा चालल्या होत्या. कॉलेजात जाणारी शेजारची मुलगी म्हणाली, "आजी, सैन्यावर एवढा खर्च कशाला करतात? लढाई तर रोज होत नाही. आणि सीमा म्हणजे तरी काय, नकाशावरची एक रेघ." पोरगी गुणी आहे, लिफ्ट बंद पडली की माझी भाजीची पिशवी वर आणून देते, म्हणून मी रागावले नाही. मी तिला एवढंच विचारलं, "तुला सुके बोंबील आवडतात ना?" ती म्हणाली, "हो, पण त्याचा इथे काय संबंध?"

संबंध आहे. तो बाकड्यावर बसून सांगण्याइतका लहान नाही, म्हणून लिहिते. मला लिहायला कुणी शिकवलं नाही. पुडीचे कागद वाचत वाचत मी शिकले. तेव्हा बोलते तसंच लिहीन, मध्येच दुसरीकडे गेले तर हाक मारा.

उत्तनच्या बाजूला समुद्राला लागून आमचा कोळ्यांचा पाडा होता आणि त्याला चिकटून ख्रिस्ती कोळ्यांचा. आमची तुळस, त्यांचा क्रूस. बाकी वास एकच. ती दुसऱ्या मोठ्या लढाईची, महायुद्धाची वर्षं. वरून विमानं जायची आणि आम्ही पोरं त्यांना हात करायचो, ती कुणाची आहेत हे न विचारता. माझे बाबा सरकारी आरमारात भरती झाले होते. समुद्रात पेरलेले सुरुंग हुडकून काढणाऱ्या बोटीवर. आई म्हणायची, "जन्मभर जाळ्यातनं म्हावरं काढलं, आता सुरुंग काढतायत. हाताला चैन न्हाय माणसाच्या."

जाताना बाबा आईला एकच गोष्ट सांगून गेले. "होडी राख. मी परत येईन तवा मला माझीच होडी पायजे."

"तुमी परत या," आई म्हणाली. "होडीचं मी बघते."

बोलायला सोपं होतं. होडी म्हणजे काही कोपऱ्यात ठेवलेली पेटी नव्हे. तिला खलाशी लागतात, खलाशांना त्यांचा वाटा लागतो, जाळं फाटतं, लाकूड पाणी खातं. बाबांचे चुलतभाऊ, आम्ही त्यांना मोठे काका म्हणायचो, पहिल्या महिन्यातच दारात येऊन बसले. "वहिनी, होडीला पुरुषाचा हात लागतो. मला दे. पोरांच्या पोटापुरतं म्हावरं मी धाडत जाईन."

काका वाईट नव्हते. पण दुसऱ्याची होडी स्वतःच्या होडीपेक्षा जरा बरी दिसते, तेवढा दोष त्यांच्यात होता. आईने त्यांना चहा दिला आणि मुदत मागितली. पाऊस लागेपर्यंत तिने खलाशी सांभाळले आणि होडी पावसाळ्यासाठी धड किनाऱ्यावर ओढली, तर होडी आमची. नाही जमलं, तर काकांची. काकांनी चहा संपवून होकार दिला, आणि जाताना होडीला हात लावून गेले. ते आईला मुळीच आवडलं नाही.

सगळी मदार बोंबलावर होती. ओला बोंबील त्याच दिवशी विकला तर विकला, नाहीतर गेला. सुका मात्र घरात पडून राहतो आणि पावसाळ्याच्या तोंडाला सगळी मुंबई तो मागते. म्हणून वाळूवर बांबूच्या वलांड्या उभारायच्या. म्हणजे उभे वासे आणि त्यांच्यावर आडव्या काठ्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी काठीवर टाकायची. ऊन आणि वारा बाकीचं काम करतात. लांबून बघितलं तर वाटायचं, किनाऱ्याने तोरणंच लावलीत.

आणि ही तोरणं चोरीला जाऊ लागली.

बाजाराच्या दिवशी पुरुष समुद्रावर आणि बायका डोक्यावर पाट्या घेऊन भाईंदरच्या बाजारात. किनाऱ्यावर उरायचे म्हातारे, पोरं आणि कावळे. नेमकी तीच वेळ साधून पल्याडची एक होडी खडकाआडून यायची, कडेच्या वलांड्यांवर हात मारायची आणि जायची. पल्याडचे म्हणजे कुठले, ते मी आजही सांगणार नाही. पुढे त्यांच्यातल्या एका घरात आमच्या पाड्याची मुलगी दिली, आता ते व्याही आहेत.

ते नेहमी एकाच जागेवरून न्यायचे, जिथे आमच्या वलांड्या संपायच्या आणि ख्रिस्ती पाड्याच्या सुरू व्हायच्या. मधल्या पाचसहा काठ्या कुणाच्या, ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं. बोंबील असले की दोघींच्या, गेले की दुसरीच्या. तिथे माझी आई आणि ख्रिस्ती पाड्यातली मामी कमरेला हात लावून उभ्या राहायच्या.

"तुझी काठी पुढं आली गो."

"माझी कशी पुढं येईल? तिला काय पाय हायेत? तुझाच वासा मागं सरकला."

"तुझ्या वाटंचे बोंबील गेले, तू राखायचे होतेस."

"माझे? सकाळी तर तुझे होते!"

या दोघी भांडत असायच्या आणि चोर तिकडे आरामात बोंबील भाजून खात असायचे. आता विचार करते तेव्हा वाटतं, आपली हद्द कुठे ढिली आहे हे आपल्याआधी चोराला कळतं.

मामीचे यजमान हेच आमचे कप्तान. त्यांना सगळे पलटणवाले मामा म्हणायचे. आदल्या मोठ्या लढाईत ते थेट इराकातल्या बसऱ्यापर्यंत जाऊन आले होते. तिथून आणलेला खाकी कोट, पितळी बटणांचा, नाताळला चर्चमध्ये घालायचे आणि मग वर्षभर त्याच्याबद्दल बोलायचे. मामांनी दोन्ही पाड्यांच्या बायकांना वाळूवर बसवलं आणि भाषण ठोकलं.

"घोडबंदरचा किल्ला बघितलाय का? केवढा थोरला! पण आत कोण हाय? बकऱ्या. आता बकऱ्यांना कोण भ्यायचं? किल्ला दगडानं राखत न्हायत बायांनो, शिपायानं राखतात."

"मग शिपाई आणा की," मामी म्हणाली. "सरकारला सांगा."

सरकार होतं, पण गोऱ्यांचं, तोफाही होत्या, पण त्या त्यांची गोदी राखत बसलेल्या. माझे बाबा त्यांच्या बोटीवर जिवावर उदार होऊन सुरुंग काढत होते आणि इकडे बाबांच्या वलांडीकडे बघायला कुणी यायचं नाही. परक्याची फौज परक्याचंच राखते, त्यात तिचा तरी काय दोष म्हणा. आपलं राखायला आपलीच लागते.

तर मामांनी फौज उभारली. माणसं कुठून आणणार? म्हणून बांबूचे शिपाई केले. उभा वासा, त्याला आडवी काठी म्हणजे हात, वर मडकं म्हणजे डोकं. जुने सदरे गोळा करून, जाळ्याला रंग देतात त्या सालीच्या काढ्यात उकळले, ते झकास खाकी निघाले. मधल्या शिपायाला मामांनी स्वतःचा खरा कोट चढवला. मामी म्हणाली, "माझ्या लग्नात पण काढला न्हाय हा तुमी अंगावरचा." आणि ताडाचा एक ओंडका जाळून काळा केला आणि खडकावर ठेवला, तोंड समुद्राकडे. आम्ही पोरींनी त्याला फुलं वाहिली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी पल्याडची होडी आली, खडकापाशी थबकली आणि शेपूट घालून परत गेली. काय सांगू तुम्हाला! मामा दोन दिवस छाती पुढे काढून चालत होते. आम्हा सगळ्या पोरींना त्यांनी हवालदार केलं. हाताखाली एकही शिपाई नव्हता, तरी हवालदार.

आणि मग बोंबील लागले. म्हणजे असे लागले की होडी बुडायला आली. बाबांच्या होडीनेच आणले, आईचा चेहरा असा फुलला होता. पण वलांड्या सगळ्या भरल्या तरी पाट्या भरलेल्याच. ऊन चढायला लागलं. बोंबील कुणासाठी थांबत नाही, तासाभरात पाणी सोडतो. आई इकडे बघते, तिकडे बघते. आणि तिला दिसला शिपाई. दोन्ही हात पसरून उभा आणि हात रिकामे.

आता तुम्ही आमच्या जागी असतात तर कळलं असतं. बोंबील वाळवणाऱ्या बाईला आडवी रिकामी काठी बघवत नाही. दुसऱ्या गावाला गेलं तरी लोकांच्या कठड्याकडे बघून मनात येतं, इथे किती जोड्या बसतील.

आई म्हणाली, "उभाच हाय ना? उभ्या उभ्या दोन बोंबील धरले तर काय झिजतो?"

दोन टाकले. मग चार. शेजारच्या शिपायावर मामीने टाकले. मग कुणी मागे राहीना. तोफेवर कोलंबी पसरली. खऱ्या खाकी कोटाच्या दोन्ही बाह्यांवर ओळीने बोंबील लोंबत होते, पितळी बटणांना शोभा आली होती अगदी. मामा त्या दिवशी पेन्शन आणायला गेले होते. परत येऊन बघतात तर काय!

"माझी पलटण!" एवढंच ते म्हणाले.

"तुमच्या पलटणीला जरा कामाला लावलं," मामी म्हणाली. "नुसतीच उभी होती."

बाजाराचा दिवस आला. आई, मामी, सगळ्या पाट्या घेऊन गेल्या. मी धाकट्या भावाला कडेवर घेऊन वाळूत होते. पल्याडची होडी आली, खडकापाशी थांबली. तिच्यातली माणसं डोळ्यांवर हात धरून बघत राहिली. एका शिपायाच्या डोक्यावर घार बसून त्याच्याच हातातला बोंबील खात होती. आणि मग होडीतला एक माणूस हसायला लागला. असा हसला, असा हसला, की मलाही हसू फुटलं, मग लक्षात आलं की आपण कुणाच्या बाजूचे.

आम्ही पोरांनी बोंब मारली, म्हातारे काठ्या टेकत उठले, तोवर त्यांनी घाईसुद्धा न करता शिपायांच्या हातांवरचे बोंबील उतरवून घेतले, जसे आपण कपाटातून कपडे काढतो तसे. मग आमच्या वलांड्या ओरबाडल्या. मामांचा कोट काढून नेला. आणि जाता जाता तोफ उचलून तिचं तोंड गावाकडे करून ठेवली.

आई बाजारातून आली, तिने रिकाम्या काठ्या बघितल्या आणि पाटी खाली ठेवून तिच्यावरच बसली. आमच्या होडीच्या खलाशांचा त्या महिन्याचा वाटा त्या काठ्यांवर होता. दुसऱ्या दिवशी मोठे काका आले. आईने चहा टाकला नाही, यावरून काय ते समजा.

"वहिनी, अजून वेळ गेली न्हाय," काका म्हणाले.

"पावसापर्यंत म्हटलंय," आई म्हणाली. "आभाळ बघा भावजी. ढग दिसतोय का कुठं?"

काका गेल्यावर ती मला म्हणाली, "तुझा बाप येऊन काकाची होडी वल्हवेल, असं मी होऊ देणार न्हाय."

मामा तोफेपाशी बसले होते, कोटाशिवाय, एकदम लहान दिसत होते. आई त्यांच्याजवळ गेली. "आमचंच चुकलं दादा. आमी बोंबील टांगायला नको होते."

"न्हाय गो," मामा म्हणाले. "टांगले नसते तरी कळलंच असतं. जो हालत न्हाय त्याला किती दिवस भ्यायचं? मी त्यांना भीती दाखवली, पण भीतीच्या मागं काय ठेवलंच न्हाय. सगळ्यांना घोडबंदरच्या बकऱ्या सांगितल्या आणि स्वतः मडकी उभी केली."

मग मात्र कामाला नीट सुरुवात झाली. सगळ्यात आधी हद्द ठरली. आई आणि मामीने मिळून मधोमध एक जाड वासा पुरला, वर पांढरं फडकं बांधलं. अलीकडचं आमचं, पलीकडचं त्यांचं. गंमत बघा, इतकी वर्षं त्या रेघेवरून भांडत होत्या, रेघ पक्की झाल्यावर दोघी तिथेच टेकून पान खायला लागल्या.

मग पाळ्या लागल्या. दर पाळीला एक बाई वाशापाशी, एकदा आमच्या पाड्याची, एकदा त्यांच्या. जवळ रॉकेलचा रिकामा डबा आणि बडवायला दांडका. पाण्यात एक छोटी डोणी कायम तरंगती, ओहोटी लागली की पुढे ढकलायची, भरती आली की मागे घ्यायची. आधी ती वाळूत पडून असायची. चोर आला असता तर आधी तिला ओढण्यातच दुपार गेली असती. मामांनी बायकांना वल्ही मारायला लावली. पहिल्या दिवशी डोणी जागच्या जागी गोल फिरली आणि मामी म्हणाली, "बसऱ्याला पण असंच का?"

पण सगळ्यात कठीण नियम वेगळाच होता. पाळीवरच्या बाईने दुसरं काही करायचं नाही. जाळं शिवायचं नाही, कोलंबी निवडायची नाही, पोर कडेवर घ्यायचं नाही. नुसतं उभं राहायचं आणि समुद्राकडे बघायचं. आमच्या बायकांना ही शिक्षाच वाटायची! मामीला मामांनी दोनदा पदराखाली जवळा निवडताना पकडलं. "हात आपोआप चालतात हो," ती म्हणायची.

दिवस गेले आणि कुणीच आलं नाही. इथेच गाडं अडलं. बायका कुरकुरायला लागल्या. कामाच्या दिवसांत दोन हात वाया जातात. मोठे काका येता जाता टोमणा मारायचे, "येत कोणी न्हाय आणि तुमी उभ्या! समुद्राची दृष्ट काढताय काय?"

त्या मुलीने बाकड्यावर विचारलं ना, लढाई नसताना सैन्य कशाला, ते हेच. पहारा नीट असला की काही घडत नाही, आणि काही घडलं नाही की माणसं म्हणतात, पहारा कशाला? बर्फात, वाळवंटात कुणीतरी उभं असतं आणि काही घडत नाही. ते न घडणं हेच त्याचं काम. ते दिसायला काहीच नसतं, म्हणून आपल्याला महाग वाटतं.

एक दिवस सगळ्या जमल्या आणि पाळ्या बंद करू म्हणाल्या. सगळ्यांत जास्त गरज हातांची कुणाला होती? माझ्या आईला. पुरुष घरात नाही, दोन पोरं, माथ्यावर होडी. सगळ्यांना वाटलं, हीच आधी मान डोलावणार.

"बंद करा," आई म्हणाली. "तुमच्या पाळ्या मी करते. माझी होडी त्या वाशाला बांधलेली हाय."

मामी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "तू एकटी उभी राहशील आणि माझ्या बाजूचं पण बघशील? म्हणजे पुढं आयुष्यभर ऐकवशील. नको बाय. मी पण हाय." आणि पाळ्या चालू राहिल्या.

त्यानंतर पल्याडचे आले. बाजाराचाच दिवस, पण आता निम्म्याच बायका बाजारात जायच्या. पाळी आईची होती. खडकाआडून होडीचं टोक दिसलं आणि आईने डबा असा बडवला की झाडावरचे बगळे उडाले. वलांड्यांच्या मधून बायका धावल्या, कुणाच्या हातात बांबू, कुणाच्या हातात वल्हं, हाताला अजून बोंबलाचा चिकटा. मामी तिघीजणींना घेऊन डोणीत. आणि या वेळी डोणी सरळ गेली हो!

होडी थांबली. तिकडचे चौघे इकडे बघतायत, आमच्या बायका तिकडे बघतायत. आमच्या बाजूला एकही मडकं नव्हतं, सगळी खरी डोकी होती.

शेवटी त्यांच्यातला वयस्कर माणूस घसा खाकरून म्हणाला, "मावशी, जरा पाणी मिळंल का पियाला?"

"मिळंल की," आई म्हणाली. "होडी तिथंच राहू दे. कळशी आमी धाडतो."

मामीने डोणीतून कळशी नेली. ते पाणी प्यायले, खरंच तहान लागल्यासारखे. आईने वर दोन भाजलेले बोंबीलसुद्धा धाडले. मला आधी राग आला. पण आता वाटतं, काठीवर काय राहील याची धास्ती नव्हती, म्हणूनच तिचा हात सैल झाला. धास्ती असती तर तिने कळशीच फेकून मारली असती.

कळशी परत घेताना मामी म्हणाली, "पाणी झालं. आता आमचा कोट."

"कसला कोट?"

"तुझ्या बुडाखालचा. बटण दिसतंय."

त्याने कोट दिला. चोरी, पाठलाग, मारामारी, असलं काही सांगण्यासारखं घडलंच नाही. त्या नाताळला मामा कोट घालून चर्चमध्ये गेले, तेव्हा मामीने धुऊन धुऊन हात सोलवटले होते, तरी शेजारच्या बाकावरचे लोक जरा सरकून बसले.

पाऊस लागायच्या आत आईने राखलेले बोंबील विकून खलाशांचा शेवटचा वाटा चुकता केला आणि होडी वर ओढायला माणसं बोलावली. न बोलावता मोठे काकाही आले आणि होडीला खांदा लावला. आई म्हणाली, "भावजी, हळू. दुसऱ्याची हाय."

लढाई संपली त्यानंतर काही महिन्यांनी बाबा आले. किनाऱ्याकिनाऱ्यानेच चालत आले, आरमाराची पिशवी खांद्यावर. आधी त्यांनी होडीला हात लावला, पार पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत हात फिरवला, मग आमच्याकडे वळले. आई म्हणाली, "बघा पोरांनो, तुमचा नंबर दुसरा."

बाबा वलांड्या बघत बघत चालत होते. पांढऱ्या फडक्याच्या वाशापाशी एक बाई कमरेला पदर खोचून नुसती उभी होती. सगळ्या राबतायत आणि ही समुद्राकडे बघतेय. बाबांना हसू आलं.

"हिला काय काम न्हाय का गो?"

"हाय की," आई म्हणाली. "तिच्याशी बोलू नका. तुमची होडी राखतेय."